बर्फाखालची राणी

मुलांनो, मधमाशी तुमच्या ओळखीची आहे. उंच झाडाला लोंबणारे आग्या मोहोळ तुम्ही लांबूनच पाहिले असेल. जवळ जाण्याची हिंमत कोण करणार! झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी माशी मात्र पेटीतही सुखाने नांदते. जुन्या घराच्या भिंतीतील फटीत पोया नावाची इवलीशी माशी राहते. ती डंख मारू शकत नाही. आज या सर्वांच्या एका दूरच्या बहिणीला भेटू या.

त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल. तेथे शिकागो या मोठ्या शहराच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाचे शहर आहे. त्यातून ड्यूपेज नावाची नदी वाहते. काही मराठी कुटुंबेही तेथे राहतात. उन्हाळ्यात घरामागच्या बागेत टोमॅटोला फुले आली, की एक गुबगुबीत, केसाळ माशी गुणगुणत येते. काळ्या-पिवळ्या लोकरीचा गोळाच जणू! तिचे नाव बंबलबी.

नेपरव्हिलचा हिवाळा फार कडक असतो. सगळीकडे बर्फ पडते. मग या माश्या जातात कुठे? खरे सांगायचे, तर बहुतेक सगळ्या मरून जातात. थंडी सुरू होताच जुनी राणी, कामकरी माश्या आणि नर सारेच संपतात. उरतात त्या फक्त नव्या, तरुण राण्या. प्रत्येक राणी एकटीच मऊ मातीत किंवा वाळलेल्या पानांखाली लहानसा खळगा करते आणि झोपी जातो तशी निपचित पडून राहते. कित्येक महिने ती काही खात नाही. पुढच्या वर्षीचे सारे कुटुंब त्या एका झोपलेल्या जिवावर अवलंबून असते.

वसंतात जमीन तापली, की राणी जागी होते. ती भुकेलेली असते. आधी फुले शोधते, मग घर. उंदराचे रिकामे बीळ मिळाले, तर फारच उत्तम! तेथे ती मेणाचे एक चिमुकले मडके घडवते आणि त्यात मध साठवते. शेजारीच परागाच्या गोळ्यावर अंडी घालते. बाहेर अजून गारठा असतो, म्हणून ती कोंबडीसारखी अंड्यांवर बसते. पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवते. त्यामुळे तिचे अंग गरम होते आणि ती ऊब अंड्यांना मिळते. मधाचे मडके तिने तोंडासमोरच ठेवलेले असते. भूक लागली, तरी जागेवरून उठायला नको! आहे की नाही हुशार?

या माश्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांतील एका जातीच्या कामकरी माश्यांच्या पाठीवर लोखंडाच्या गंजासारखा तांबूस ठिपका असतो. ही जात एके काळी अमेरिकेच्या 28 राज्यांत आढळत असे. पुढे ती झपाट्याने कमी होत गेली. 2017 साली अमेरिकेच्या सरकारने तिला नष्ट होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. शिकागोच्या आसपास ती आजही अधूनमधून दिसते.

असे का झाले? पूर्वी या भागात उंच गवताची, रानफुलांनी भरलेली अफाट माळराने होती. त्यांना प्रेअरी म्हणतात. 1837 साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने याच राज्यात पोलादी नांगर बनवला. त्याने ती चिकट काळी माती सहज उलटू लागली. माळरानांच्या जागी मका आणि सोयाबीन आले. शहरे वाढली, घरांपुढे हिरवळी आल्या. आखूड कापलेली हिरवळ दिसायला सुंदर; पण माशीला तेथे एक फूलही मिळत नाही. कीटकनाशकांनी आणि रोगांनीही माश्या मेल्या. तांबूस ठिपक्याची माशी लवकर जागी होते आणि उशिरापर्यंत काम करते. म्हणून तिला वसंतापासून शरदापर्यंत एकामागून एक फुलणारी फुले हवी असतात.

आता तेथील काही लोक अंगणात पुन्हा रानफुले लावतात. शरदात गळलेली पाने झाडून न टाकता कोपऱ्यात तशीच राहू देतात. शेजाऱ्यांना तो पसारा वाटतो. त्याखाली कोण निजले आहे, हे त्यांना कुठे ठाऊक!

या माशीचे एक काम साध्या मधमाशीला जमत नाही. टोमॅटोच्या फुलातील पराग कुपीत बंद असतो. बंबलबी फुलाला घट्ट धरते आणि जोराने थरथरते. मिठाची बाटली हलवावी, तसा पराग खाली सांडतो. आपल्याकडे हे काम निळ्या पट्ट्यांची एक माशी आणि मोठा काळा भुंगा करतात. सकाळी वांग्याच्या शेतात गेलात, तर फुलाशेजारी शांत उभे राहा आणि कान द्या. माशी फुलावर बसली, की तिचा आवाज एकदम बदलतो.