पूजेतली मूर्ती

॥ श्री ॥

संगमेश्वर

चि. बाळ यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा परवा फोन आला. बारावीनंतर इंजिनिअरिंगला न जाता देवाच्या दगडी मूर्ती घडवायला शिकायचं तुझ्या मनात आहे, असं ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काळजी होती आणि ती रास्तही आहे. आपल्या घराण्यात कुणी टाकी धरलेली नाही. मीसुद्धा जन्मभर शाळेत चित्रकलाच शिकवली. पण या मुलखातली देवळं बघण्यात आणि पाथरवटांच्या अंगणात बसण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली आहेत. त्या जोरावर चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट सगळ्यात मोठी. तू घडवशील ती मूर्ती पूजेत जाणार आहे. रोज तिच्यावर पाणी, दूध, दही पडेल. गुरव तिला पुसेल, पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिच्या पायांना हात लावतील. तू नसशील तेव्हाही हे चालू राहील. दगड कुठला, माप कोणतं, काम किती दिवसांत, पैसे किती, यांतला प्रत्येक निर्णय याच एका कसोटीवर घ्यायचा.

गावच्या गणपतीच्या शाळेत तुझा हात छान बसला आहे. पण शाडूत चूक झाली तर लिंपता येते. दगडात नाकाची कपची उडाली की ती शिळा गेली. म्हणून हाताआधी दगड शिकावा लागतो. आपल्या पायाखालचा जांभा घे. खाणीतून काढलेला चिरा ताजा असतो तोवर सहज कापता येतो, पुढे हवेवर घट्ट होतो. भिंतीला त्यासारखा दगड नाही. पण तो भोकाभोकांचा, त्यात पापणी किंवा बोटाचं पेर उतरत नाही. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघ. कशेळीचा तो प्रचंड हत्ती रेघेने कोरलेला आहे. जांभा रेघ धरतो, बारीक काम धरत नाही. त्या प्राचीन माणसांनी दगडाचा स्वभाव ओळखून त्याला झेपेल तेवढंच त्याच्याकडून मागितलं.

बारीक काम पाहायचं तर कसब्याला कर्णेश्वराच्या देवळात जा. चालुक्य राजा कर्णाने ते बांधलं अशी परंपरा आहे. अख्खं देऊळ काळ्या दगडाचं. हा दगड म्हणजे सह्याद्रीचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कठीण असतो, टाकीला दमवतो, पण धार राखतो. तिथे देवदर्शन झालं की लगेच निघू नकोस. एकाच खांबापाशी बस आणि तो वहीत उतरव. चौरस कुठे संपतो, अष्टकोन कुठे सुरू होतो, गोल कुठे येतो, ते मोज. मग दारचौकट, मग छत. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा जा. उजेड बदलला की त्याच कोरीव कामाची खोली वेगळी दिसते. खोलीचं हे गणित पुस्तकातून कळत नाही.

शिळा निवडताना घाई नको. हातोडीने ठोकून आवाज ऐक. खणखणीत आला तर दगड एकसंध, बद्द आला तर आत काहीतरी आहे. पाणी ओतून सुकू दे. बाकी दगड सुकला तरी चीर ओली राहते आणि काळ्या रेघेसारखी उमटते. जुन्या शिल्पग्रंथांत शिळेचे पुरुष, स्त्री, नपुंसक असे भेद सांगितलेले आहेत, त्यांतही नादाची परीक्षा आहेच. हल्ली पांढऱ्या संगमरवराची मागणी फार. पण संगमरवर म्हणजे चुन्याच्याच जातीचा. दह्या-लिंबाच्या आंबटाने त्याची झिलई जाते, अंग खरबरीत होतं. रोज पंचामृत होणार असेल तर काळ्या पाषाणाचा आग्रह धर आणि गावकऱ्यांना कारण समजावून सांग. कारण कळलं की माणसं ऐकतात.

आता मापाबद्दल. तुला वाटत असेल, शास्त्राने सगळं बांधून ठेवलं तर आपलं काय उरलं? गणित करून बघ. नवताल, म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट, मूर्तीची उंची १०८ अंगुलं. मुख १२, मान ४, मानेपासून छाती १२, छातीपासून बेंबी १२, तिथून खाली १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. तीन फुटांच्या मूर्तीत चेहरा बरोबर चार इंच येतो. हे माप कुणालाही काढता येतं. पण त्या चार इंचांत शांतपणा आणायचा की नुसतंच नाक-डोळे, ते मापात लिहिलेलं नाही. तुझा हात दिसतो तो तिथे.

काही गोष्टी मात्र तुझ्या मर्जीच्या नाहीत. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात. चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे देता येतात आणि प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव आहे. उजव्या खालच्या हातापासून मोजत पद्म, शंख, चक्र, गदा आली तर तो केशव, आपल्या कोळिसऱ्याला आहे तो. दोन आयुधांची अदलाबदल झाली की दुसराच देव झाला, आणि ज्या घराण्यांचा तो कुलस्वामी त्यांचा संकल्प चुकला. पंधराव्या शतकात मेवाडच्या सूत्रधार मंडनाने ‘रूपमंडन’ लिहून हे सगळं नेमकं मांडलं. तो ग्रंथ मिळव. डॉ. गो. बं. देगलूरकरांचं ‘मंदिर कसे पहावे’ त्याच्याही आधी वाच.

शिकायचं कुठे? चित्र आणि शिल्प शिकवणारं महाविद्यालय सावर्ड्याला आहे, घरापासून जवळ. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ पासूनचं. पण या दोन्हीकडे माणसाचं शरीर आणि आधुनिक शिल्प शिकशील. देवमूर्तीची परंपरा वेगळी. तिच्यासाठी महाबलीपुरमला १९५७ पासून सरकारी महाविद्यालय आहे. ते पुष्कळ वर्षं सांभाळणारे व्ही. गणपती स्थपती पिढीजात शिल्पी होते, तरी त्यांनी गणिताची पदवी घेतली होती. कन्याकुमारीचा १३३ फुटांचा तिरुवल्लुवर त्यांचाच. २००० साली त्याचं अनावरण झालं. अयोध्येचा रामलल्ला घडवणारे म्हैसूरचे अरुण योगीराज एमबीए करून नोकरीला लागले होते, २००८ मध्ये ते घरच्या कामाकडे वळले. हे आईला सांग. पदवी आणि टाकी यांचं वैर नाही. तू पदवी पूर्ण करावीस असं माझंही म्हणणं आहे, कारण पुढे तुला कंत्राटं वाचायची आहेत, हिशेब मांडायचे आहेत, विश्वस्तांशी बोलायचं आहे.

शरीर जप. रामलल्ला घडवताना योगीराजांच्या डोळ्यात दगडाची कपची गेली होती. चष्म्याशिवाय टाकी उचलायची नाही. ग्राइंडरची धूळ त्याहून वाईट. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात सिलिका भरपूर. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पाणी सोडून काप, चांगला मास्क लाव, उघड्यावर काम कर. वडीलधारे कारागीर नाकाला फडकंसुद्धा न लावता बसलेले दिसतील. त्यांची विद्या घे, ती सवय घेऊ नकोस. यंत्राला नाही म्हणायचं कारण नाही. जाड दगड यंत्राने काढ. शेवटचं अंग मात्र टाकीने आण.

व्यवहार सरळ ठेव. गावकरी मुहूर्त ठरवून येतात आणि दिवस थोडे उरलेले असतात. पुरेसे दिवस नसतील तर काम घेऊ नकोस. दगड, वाहतूक, मजुरी, झिलई, प्रतिष्ठेला जाण्याचा खर्च असं सगळं कागदावर मांडून आगाऊ रक्कम घे. देवाचं काम म्हणून कमी पैसे घेतले, तर पुढे दगडात किंवा दिवसांत काटछाट होते आणि ती त्याच देवाला भोगावी लागते. योग्य मजुरी मागण्यात कमीपणा नाही.

शेवटची गोष्ट जीर्णोद्धाराची. मुंबईकर चाकरमानी श्रद्धेने पैसा पाठवतात, मग जुने लाकडी खांब काढून काँक्रीट येतं, दगडावर ऑइलपेंट बसतो, गाभाऱ्यात टाइल लागते. तुला अशी कामं येतील आणि त्यांत पैसा असेल. अशा वेळी पंढरपूरचं उदाहरण दे. २०२४ मध्ये विठ्ठलाच्या गाभाऱ्यातल्या संगमरवरी फरश्या काढून मूळ दगडी बांधणी मोकळी केली गेली. आज आपण जे झाकू ते उद्या कुणाला तरी कष्टाने उघडावं लागेल. खंडित मूर्ती नदीत सोडण्याआधी रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवायला सांग. नवी मूर्ती घडवणाऱ्यावर जुन्या मूर्तीचंही दायित्व असतं.

प्रतिष्ठेच्या वेळी नेत्रोन्मीलन होतं. डोळे उघडले की मूर्तीवरचा तुझा हक्क संपतो, ती गावाची होते. कुणी तुझं नाव विचारील, कुणी विचारणार नाही. हे आतून पटत असेल तरच या वाटेला जा. नुसतं नाव हवं असेल तर शिल्पकलेत दुसऱ्या चांगल्या वाटा आहेत आणि त्यांत कमीपणा नाही.

तूर्त एवढं कर. वर्षभर कर्णेश्वराचे खांब आणि छतं उतरवून वही भर, आणि एखाद्या पाथरवटाकडे सुट्टीत नुसता दगड सपाट करायला बस. सपाट पृष्ठभाग साधायला किती वेळ लागतो ते कळल्यावरही मन तिथेच राहिलं, तर तुझ्या आईशी मी बोलेन आणि पहिल्या वर्षाच्या फीची जबाबदारी माझी.

तुझा,
मामा