जांभळ्या दिव्याखालची नोट

पाचशेची नोट पुढे केली की काही दुकानदार ती आधी गल्ल्याजवळच्या छोट्या जांभळ्या दिव्याखाली धरतात. निरखून पाहतात, आणि मगच सुटे मोजून देतात. त्यांना तिथे काय दिसते, ते आज आपण समजून घेऊ.

त्या दिव्याचा जांभळा उजेड आपल्याला दिसतो तो थोडाच. खरे काम करणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांना अतिनील किरण म्हणतात. उन्हातही ते असतात. काही पदार्थ असे आहेत की ते हे न दिसणारे किरण पितात आणि दिसणारा उजेड बाहेर टाकतात. घेतले तेवढे सगळे परत देत नाहीत बरे का! शंभर घेऊन ऐंशी हातावर ठेवणाऱ्या अडत्यासारखे थोडे मधेच गिळतात. ते उष्णता होऊन जाते. असा पदार्थ शाईत कालवला की दिवसा काही वेगळे दिसत नाही, पण त्या दिव्याखाली छपाई चमकू लागते.

आपल्या नोटेचे नंबर अशा शाईने छापतात. कागदात बारीक तंतू घातलेले असतात, तेही चमकतात. बाकीचा कागद मात्र मंदच राहतो, कारण तो कापसाचा असतो आणि त्यात पांढरेपणा आणणारे द्रव्य घालत नाहीत. बाजारातल्या साध्या कागदात ते असते. म्हणून सबंध नोट निळसर पांढरी झळकली की दुकानदाराला शंका येते.

पण इथे एक गोची आहे. धुण्याच्या पावडरीतही तसलेच द्रव्य असते. सदऱ्याच्या खिशात राहिलेली नोट धुण्यात गेली तर खरी नोटसुद्धा दिव्याखाली झळकते. मग दिवसभर राबून मिळवलेली मजुरी खरी असूनही दुकानदार 'नको' म्हणतो! आमच्या मते नुसत्या दिव्यावर निवाडा करू नये. नोट तिरपी करून पाहा. पाचशेच्या नोटेतला हिरवा धागा निळा दिसू लागतो. उजेडासमोर धरली की कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा दिसतो. काही छपाई बोटाला खरबरीत लागते. धुतलेल्या नोटेत हा खरबरीतपणा कमी होतो, पण धागा आणि चेहरा कुठे जात नाहीत.

आता खोटी नोट करणाराही काही झोपलेला नसतो. चमकणारी शाई बाजारात मिळते. म्हणून शास्त्रज्ञ अवघड शाई शोधतात. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात. देवासच्या छापखान्यात नोटांबरोबर शाईही तयार होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने एक शाई केली आणि तिचा एक किलोचा नमुना देवासला दिला. एका प्रकारच्या अतिनील किरणांत ही शाई लाल दिसते, दुसऱ्या प्रकारच्या किरणांत हिरवी. एकाच शाईचे दोन रंग! बाजारातली एकरंगी शाई आणून असे जमत नाही.

यात आता फार बारीक कण वापरू लागले आहेत. ते नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. एवढे बारीक कण शाईत सहज मिसळतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. काही कणांचे तर नवल असे की पदार्थ तोच, पण कण मोठा केला की उजेड लाल, लहान केला की निळा. या शोधाला २०२३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणखी काही कण उलटे वागतात. अवरक्त म्हणजे उष्णतेचे न दिसणारे किरण ते घेतात आणि हिरवा उजेड देतात. दोन लहान नाणी घेऊन एक मोठे नाणे द्यावे, तसे. औषधांच्या खोक्यांवरही अशी खूण छापता येते. मात्र ती खोक्याची खूण झाली. आत गोळी कसली आहे ते ती सांगत नाही.

नोट बँकेत खोटी ठरली तर बँक ती परत देत नाही. तिच्यावर शिक्का मारून ठेवून घेते. बदली पैसे मिळत नाहीत. पण बँकेने पावती द्यावी असा नियम आहे. न दिली तर मागावी, आणि तिच्यावर नोटेचा नंबर लिहिला आहे की नाही ते तिथेच वाचून पाहावे.