फोटो पाठवला म्हणजे तपासणी झाली नाही

सकाळी मोबाइल हातात घेतला की कुणाचा तरी घसा, कुणाच्या पाठीवरचं पुरळ, कुणाचा एक्स-रे आलेला असतो. खाली ओळ ठरलेली : ‘सर, फोटो पाठवलाय, गोळी सांगा.’ फोटो पाठवू नका, असं मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम घालून दिले आणि लांबच्या गावातल्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची मोठी सोय झाली. पण प्रत्यक्ष तपासणीची गरज आहे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं, असंही त्याच नियमांत आहे. नेमकं हेच कुणाला ऐकायचं नसतं. फोटो बघितला म्हणजे डॉक्टरांना सगळं कळलं, हा समज काही केल्या जात नाही.

एका मुलाने शहरातून वडिलांच्या पायाचा फोटो पाठवला होता. वडील गावी, वीसेक वर्षांचा मधुमेह. अंगठ्याजवळ छोटी जखम, तिच्यावर हळद थापलेली. ‘दुखत अजिबात नाही, म्हणजे किरकोळच असेल ना?’ असं त्याने विचारलं. न दुखणं हीच तर धोक्याची खूण होती. त्याच दिवशी त्यांना बोलावून घेतलं. हळद धुतली आणि कडेला दाबलं तर आतून पू आला. पाऊल गरम होतं, टाचणीची बोच कळत नव्हती, वास येत होता. यातलं काय दिसणार होतं फोटोत? पाय वाचला, कारण ते वेळेवर आले. मधुमेही माणसाच्या पायावर जखम दिसली की फोटोच्या भरवशावर घरी थांबू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्मचे फोटो हा आणखी एक प्रकार. फिल्म खिडकीला चिकटवतात. मागे गज, समोरून फ्लॅशचा चकाकता गोळा, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. त्यातून हाडाला गेलेला बारीक तडा शोधायचा कसा? एमआरआयमध्ये शेकडो चित्रं असतात, फिल्मवर त्यातली निवडक तेवढी छापतात. सीटी स्कॅन संगणकावर उघडला की उजेड-अंधार बदलून त्याच चित्रात कधी हाड, कधी मेंदू नीट बघता येतो. फोटोत ते जमत नाही. त्यात व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं, तेव्हा उरलंसुरलंही पुसट होतं. म्हणून तपासणी केंद्रातून निघताना सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि ती डॉक्टरांना द्या. फोटोच पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, सोबत छापील रिपोर्ट आणि जुनी फिल्मही जोडा.

आणि रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ वाचून रात्रभर जागू नका. कंबर कधीही न दुखलेल्या कित्येक माणसांच्या एमआरआयमध्येही तो दिसतो. मात्र पायातली ताकद जायला लागली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर फोटो पाठवत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

सर्वांत जास्त नासाडी होते ती त्वचेची. गजकर्णाचा फोटो मेडिकलच्या काउंटरवर दाखवायचा आणि दुकानदार देईल ती ट्यूब चोळायची! त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग तेच गजकर्ण दुप्पट पसरतं आणि त्याचं रूप इतकं बदलतं की ते ओळखणंही अवघड होतं. इंटरनेटवर बघून लसूण ठेचून लावणारे तर कातडी भाजून घेऊन येतात. असे उपाय ऐकले की मला खरोखर राग येतो, कारण आधी साधा असलेला आजार आता महिनोन्‌महिने पुरतो.

पुरळाचा फोटो काढायचा तर काहीही लावण्याआधी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर बंद करून काढा. एक लांबून, एक जवळून. जवळच्या फोटोत शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. सावळ्या त्वचेवर लाली फोटोत नीट उमटत नाही, म्हणून जागा गरम लागते का, हात लावून बघा आणि तेही लिहा. हे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, विशेषतः लहान मुलांचे आणि झाकलेल्या अंगाचे.

ईसीजीचा फोटो मात्र जीव वाचवतो. गावातला डॉक्टर तो हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो आणि मोलाची मिनिटं वाचतात. ते डॉक्टरांनी डॉक्टरांना पाठवणं झालं. छातीत दुखत असताना घरी बसून उत्तराची वाट बघणं वेगळं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, डोळा लाल होऊन दिसेनासं होणं, तापात दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके, पुरळासोबत बाळ मलूल होणं : यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा.

एरवी फोटो जरूर पाठवा. सोबत वय, त्रास कधीपासून आहे, साखर-रक्तदाब, चालू गोळ्या आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती, एवढं लिहा. आणि डॉक्टर ‘दाखवायला या’ म्हणाले, तर त्याच दिवशी या.