बर्गंडीत गाइड हवा का?

प्रश्न : फ्रान्समध्ये बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून पायी सहल करायची आहे. वाटांवर खुणा असताना गाइड कशाला?

उत्तर : वाट तुम्हाला सापडेलच, मळा समजायला मात्र जाणकार लागतो. क्लो द वूजो पाहा. सिस्टर्शियन साधूंनी मध्ययुगात भिंत घातलेला हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा आज जवळपास ८० मालकांत वाटलेला आहे. दर्जा सगळ्याला एकच, सर्वोच्च ‘ग्रां क्रू’. पण वरच्या अंगाला पायाखाली चुनखडीचे खडे करकरतात, तर खाली रस्त्यालगत चिकणमाती बुटांना धरते, पाणी लवकर निचरत नाही. वाइनमधला फरक इथूनच सुरू होतो. पुस्तकातही हे मिळतं, मान्य. पण वेलींची कुठली ओळ कोणाची, हे जागेवर दाखवणारा माणूसच हवा. खर्च जड वाटत असेल तर गाइड पहिल्याच दिवशी घ्या, पुढे बोन ते म्यूरसो आपले आपण चाला.