मांसाहार आणि पहिले शील

ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली या भागांत नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना शेजारी हमखास विचारतात, "तुम्ही पंचशील म्हणता, मग मटण-मासळी कशी खाता?" मुले या प्रश्नाने गोंधळून जातात. उलटपक्षी काही घरांत दीक्षेनंतरही आषाढात मरीआईला कोंबडे कापले जाते आणि वर सांगितले जाते की, धम्मात मांसाला बंदी कोठे आहे? उपासक-उपासिकांनी या दोन्ही बाजूंचा नीट उलगडा करून घेतला पाहिजे.

पहिले शील 'पाणातिपाता वेरमणी' हे आहे. प्राण्याची हत्या करण्यापासून अलिप्त राहणे, हा त्याचा अर्थ. ते कृतीविषयी व हेतूविषयी बोलते, ताटाविषयी नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. मांस न खाण्याची नाही.

मग मर्यादा कोठे आहे? ती मज्झिम निकायातील जीवक सुत्तात सापडते. तथागतांसाठी मारलेले मांस ते जाणूनबुजून खातात, असे लोक बोलत. वैद्य जीवकाने याविषयी भगवंतांनाच विचारले. भगवंतांनी सांगितले की, प्राणी आपल्यासाठी मारल्याचे भिक्खूने पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस त्याने घेऊ नये. जो गृहस्थ भिक्खूंसाठी प्राणी मारवितो, त्याला दोष लागतो. आणि हा दोष सुरी चालविण्याच्याही आधी, 'तो प्राणी आणा' असे सांगताच सुरू होतो.

आपल्यासाठी यातून सरळ धडा निघतो. भन्तेजींना भोजनदान देताना त्यांच्याकरिता म्हणून कोंबडी कापू नये. वरणभात, भाजीभाकरी श्रद्धेने वाढावी. पाहुणचार कमी पडत नाही.

देवदत्ताने संघापुढे पाच कडक नियम मांडले होते. भिक्खूंनी आयुष्यभर मासे-मांस खाऊ नये, हा त्यांतील एक. भगवंतांनी ती सक्ती मान्य केली नाही. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तही हेच शिकविते की, माणूस हत्या, चोरी, असत्य, कपट यांनी अमंगल होतो, मांसाने नव्हे. म्हणून मांसाहार सोडणाऱ्याने खाणाऱ्याला हीन लेखू नये. सोवळेओवळे आपण मागे टाकले आहे. ते दुसऱ्या दाराने घरात येऊ देऊ नये.

मग नवसाच्या बकऱ्याचे काय? कोणी म्हणेल, "तो आम्ही खातोच ना!" येथे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला भेद ध्यानात घ्यावा. गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे, ही दोन वेगळी आहेत. अहिंसा हे तत्त्व आहे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते. नवसाचा बकरा भुकेसाठी कापला जात नाही. देवी कोपेल या भीतीने कापला जातो. मांस नंतर शिजले म्हणून मूळ हेतू बदलत नाही. कूटदंत सुत्तात भगवंतांनी एकही प्राणी न मारता होणाऱ्या यज्ञाची थोरवी सांगितली आहे. मूल आजारी पडले तर त्याला दवाखान्यात न्यावे. बकऱ्याच्या पैशातून मुलांची वह्या-पुस्तके येतील.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ते आवाहन स्वाभिमानासाठी होते, आणि लोकांनी ते मांस आपल्या निश्चयाने सोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने व मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा कोणी काय खावे यावर राज्यभर वाद झाला. हुकमाने बंद झालेले दुकान दुसऱ्या दिवशी उघडते. समजून सोडलेली गोष्ट मात्र पिढ्यान् पिढ्या सुटते.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर कुटुंबाने एकत्र बसून या दोन प्रश्नांची चर्चा करावी:

१. आपल्या घरात भीतीपोटी प्राणी मारण्याची कोणती चाल अजून उरली आहे?

२. ती बंद करताना आजी-आजोबांचा मान राखून त्यांना कसे समजवावे?

भवतु सब्ब मंगलं!