घर बांधण्याआधी जमिनीची परीक्षा

खानदेशातून सुरतेस येऊन पांडेसरा, उधना या भागांत स्थिरावलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. गावाकडे शेती आणि इकडे लहानसे घर, असा त्यांचा संसार. घर बांधताना आपण विटा वाजवून घेतो, सिमेंट पारखून घेतो. पण ज्या जमिनीवर जन्माची पुंजी उभी करायची, तिची चौकशी करीत नाही. वाफसा पाहिल्याशिवाय तिफण न धरणाऱ्या शेतकऱ्याला हे शोभत नाही.

सुरत तापीच्या गाळावर वसली आहे. येथील काळी माती आपल्या ओळखीचीच. पावसात ती फुगते, उन्हात आकसते. शेतात भेगा पडतात तशाच उथळ पायाच्या घराच्या भिंतींतही पडतात. शिवाय खाली कोठे मऊ चिकणमाती, कोठे भुसभुशीत रेती, तर कोठे खड्डा बुजविलेला भराव असतो. वरून सारे सपाटच दिसते.

हे थर ओळखण्याची एक रीत म्हणजे शंकू चाचणी. ती 1930 च्या दशकात हॉलंडमध्ये, तेथील मऊ जमिनीसाठी निघाली. पोलादी दांड्याच्या टोकाला 60 अंशांचा, 10 चौरस सेंटिमीटर तळाचा शंकू असतो. यंत्राने तो संथ गतीने जमिनीत दाबतात. टोकाला किती विरोध होतो आणि बाजूने किती घर्षण होते, हे खोलीगणिक नोंदतात. रेतीत टोकाचा विरोध मोठा व त्या मानाने घर्षण थोडे. चिकणमातीत विरोध कमी, पण त्या मानाने घर्षण जास्त. दुसऱ्या प्रकारात ठरावीक वजनाचा हातोडा ठरावीक उंचीवरून टाकून शंकू ठोकतात व ठोके मोजतात. भारतीय मानक 4968 मध्ये दोन्ही रीती दिल्या आहेत.

पाण्याने भरलेली सैल रेतीही यातून कळते. भूकंपात अशी रेती पातळ होते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून पाणी व रेती उसळली होती. त्याच भूकंपात सुरतेतही इमारत कोसळून माणसे दगावली. प्रत्येक पडझडीचे कारण जमीनच असते असे नाही. पण जमीन न तपासणे हा टाळता येण्याजोगा धोका आहे.

मात्र काळी माती शंकूलाही फसवते. मे महिन्यात वरचा थर दगडासारखा लागतो आणि आकडे चांगले येतात. पाऊस पडताच तोच थर लोण्यासारखा होतो. शिवाय शंकू माती वर आणीत नाही. म्हणून बोअर घेऊन मातीचा नमुना काढावा आणि प्रयोगशाळेत ती किती फुगते हे पाहावे.

घर बांधणाऱ्यांनी एवढे करावे:

1. प्लॉट घेण्यापूर्वी तेथे पूर्वी तळे, खाण वा भराव होता काय, हे जुन्या रहिवाशांना विचारावे.

2. मजले चढवायचे असल्यास माती तपासणीचा अहवाल इंजिनियरकडून समजून घ्यावा. फ्लॅट घेणाऱ्यानेही तो मागावा.

3. काळ्या मातीत तळाशी फुगीर असलेले पाइल चालतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही रीत विकसित केली. खोल काळ्या मातीत ते निदान साडेतीन मीटर खोल न्यावे लागतात.

4. सांडपाणी पायाजवळ मुरू देऊ नये. एका बाजूची माती ओली व दुसरीकडची कोरडी राहिली, की भिंत तडकते.

गावाकडच्या शेतालाही हीच युक्ती लागू पडते. वाफशावर बोटाएवढी जाड टोकदार सळई हाताने सावकाश दाबावी. पाच-सहा ठिकाणी ती वीतभर खोलीवरच अडली, तर नांगराखाली कठीण थर बसला आहे असे समजावे. विरोध चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 किलोच्या वर गेला, की बहुतेक पिकांची मुळे खुंटतात. मग खताची मात्रा वाढवून काय उपयोग? उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, तो थर खोल नांगरटीने फोडावा, शेणखत घालावे आणि ओल्या रानात ट्रॅक्टर नेऊ नये.

तपासणीचा खर्च जड वाटतो खरा. पण तडकलेले घर पुन्हा सावरण्याचा खर्च त्याहून कितीतरी जड असतो.