काचेवरची अक्षरे

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा हे गाव वसले आहे. तालुक्याचे गाव जे भोकरदन, त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे एक नांदते नगर होते. तेथील काही भाविकांनी दूरच्या सांची येथील स्तूपासाठी दान दिले आणि त्या दानाची नोंद स्तूपाच्या दगडावर कोरली गेली. ती अक्षरे आजही वाचता येतात. कोणाचे नाव घालावयाचे, कोणते शब्द योजावयाचे, याचा निर्णय छिन्नी हाती घेण्यापूर्वीच व्हावा लागे. कारण दगडावर एकदा उमटलेले अक्षर पुसता येत नाही.

आज त्याच भागातील मुले मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून जे लिहितात, त्याला छिन्नी लागत नाही, हातोडा लागत नाही आणि क्षणाचा विलंबही लागत नाही. लिहिलेले पुसणेही तितकेच सोपे. त्यामुळे आपले हे लिहिणे पाण्यावरच्या रेघेसारखे आहे, असा अनेकांचा समज होतो. तो समज किती खोटा आहे, हे इंटरनेटची घडण पाहिली म्हणजे ध्यानात येते.

जगभरातील लहानमोठ्या संगणकांना परस्परांशी जोडणारे जे अफाट जाळे, तेच इंटरनेट. भारतात ते सर्वसामान्य लोकांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. केदारखेड्यातील एखाद्या मुलाने जवळच्याच राजूर गावी राहणाऱ्या मामेभावास एक फोटो पाठविला, असे समजू या. तो फोटो काही सडकेने सरळ राजूरला जात नाही. मोबाइलच्या मनोऱ्यावरून तो निघतो, केसासारख्या बारीक काचतंतूंमधून प्रकाशाच्या रूपाने धावतो आणि कोठे तरी शेकडो कोसांवर असलेल्या संगणकाकडे पोहोचतो. तेथून तो पुन्हा राजूरच्या मोबाइलकडे वळतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. या प्रवासात फोटोच्या प्रती तयार होतात. पाठविणाऱ्याने आपल्या मोबाइलमधून तो पुसला, तरी मामेभावाच्या मोबाइलमध्ये तो राहतो. ‘सर्वांसाठी पुसा’ अशी सोय काही ठिकाणी असते. परंतु तोवर कोणी त्याची प्रत काढून ठेवली असेल, तर त्या सोयीचा काही उपयोग होत नाही. सांचीच्या दगडावरील लेख एकाच ठिकाणी आहे. काचेवरचा लेख मात्र एकाच वेळी हजार ठिकाणी असू शकतो.

अशा या साधनाने केवढे कल्याण होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना चौकोनी नक्षीच्या क्यूआर कोडची जोड दिली. मोबाइल त्या चिन्हासमोर धरला की धडा ऐकता येई, पाहता येई. या कार्यासाठी २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. तेव्हा शाळेने इंटरनेटला दार बंद करावे, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. नदीकाठच्या गावात मुलाला पाण्यापासून दूर ठेवीत नाहीत. त्याला पोहावयास शिकवितात आणि डोह कोठे आहे तेही दाखवितात. शाळेचे नियम हे त्या डोहाकडे दाखविलेले बोट होय.

पहिला नियम फोटोचा. समजा, शाळेची सहल गेली आहे. निसरड्या वाटेवर सातवीतील एक मुलगी पाय घसरून पडते; तिचे कपडे चिखलाने माखतात. सगळी हसतात, तीही हसते. तेवढ्यात कोणी तरी तिचा फोटो काढतो आणि ‘फक्त एकालाच’ पाठवितो. तो एक दुसऱ्याला पाठवितो. संध्याकाळपर्यंत फोटो गावभर होतो आणि त्याखाली कोणी तिला एक टोपणनावही देतो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत येत नाही. येथे पहिल्या मुलाच्या मनात दुष्टावा होता काय? बहुधा नसावा. परंतु सहलीतील हसणे त्या वाटेवरच विरून गेले असते. फोटो विरला नाही. म्हणून ज्याचा फोटो, त्याची परवानगी आधी घ्यावी, आणि ज्याने कोणी लाजेल वा दुखावेल, असा फोटो मुळी काढूच नये. जे वर्गात सर्वांसमक्ष तोंडावर बोलवणार नाही, ते ग्रुपवर लिहू नये.

हा नियम जसा विद्यार्थ्यांना, तसाच गुरुजनांनाही लागू आहे. किंबहुना त्यांना तो अधिक कडक लागू असावा. कारण शाळेच्या दप्तरात प्रत्येक मुलाची जन्मतारीख, आधार क्रमांक, घरचा पत्ता, पालकांचा मोबाइल क्रमांक अशी किती तरी माहिती असते. ती यादी घाईघाईने एखाद्या मोठ्या ग्रुपवर टाकली, तर ती कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचे कौतुक करावयाचे म्हणून त्यांच्या बँकेच्या पुस्तकाचे फोटो टाकणे हा तर कौतुकाचा भलताच प्रकार होय. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून, अशा बालकाची माहिती वापरण्यापूर्वी सर्वसाधारणपणे पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सूचना द्यावयाच्या त्या पालकांच्या क्रमांकावर अथवा शाळेच्या ग्रुपवर द्याव्यात, अवेळी देऊ नयेत, आणि शाळेच्या संगणकावर आपली खासगी कामे उरकू नयेत. मुले कानांनी जितके शिकतात, त्याहून अधिक डोळ्यांनी शिकतात. तासाला मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या शिक्षकाने मोबाइलच्या दुष्परिणामांवर निबंध लिहावयास सांगितला, तर मुले निबंध लिहितील. पण मनात काय म्हणतील, ते उघडच आहे.

दुसरा नियम पासवर्डचा. शाळेचा संगणक अनेकांच्या हाताखालचा असतो. काम संपताच आपले खाते बंद करून उठावे. नाही तर पुढे बसणारा आपल्याच नावाने लिहू लागतो आणि जाब मात्र आपणास द्यावा लागतो. पासवर्ड मित्रालाही सांगू नये. तो कसा असावा, हे गणितच सांगते. चार अंकी पासवर्ड केवळ १०,००० प्रकारांनी होऊ शकतो. संगणकाला ते सारे तपासावयास फार वेळ लागत नाही. इंग्रजी लिपीतील २६ लहान अक्षरांपैकी कोणतीही आठ घेतली, तर हीच संख्या २०,८८२ कोटींवर जाते. त्यात अंक आणि चिन्हे मिसळली, म्हणजे ती आणखी वाढते. मात्र आपल्या बैलाचे किंवा गावाचे नाव पासवर्ड म्हणून ठेवले, तर हे सारे गणित फुकट. ते नाव सगळ्या गावाला ठाऊक असते. दुसऱ्याचा पासवर्ड चोरून अप्रामाणिकपणे वापरणे ही थट्टा नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

इतके करूनही कधी कोणी अनोळखी मनुष्य गोड बोलून फोटो मागतो, धमकी देतो, किंवा बक्षिसाचे आमिष दाखवून घरच्यांच्या खात्यावरील पैसे पळवितो. अशा वेळी मुले बहुधा भीतीने गप्प राहतात. ‘मोबाइल काढून घेतील’ हे भय त्यांना धमकीहून मोठे वाटते. म्हणून घरच्या व शाळेतील मोठ्या माणसांवरही एक बंधन येते : तक्रार घेऊन आलेल्या मुलावर आधी रागावू नये, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. संकटात सापडलेल्या बालकासाठी १०९८ आणि इंटरनेटवरून झालेल्या फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवावे, तितके ते वाटेत अडविले जाण्याची शक्यता अधिक.

वेळेचे बंधन हा कंटाळवाणा विषय खरा. परंतु सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने त्यालाही रंग आणला. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून शाळा बंद पडल्या आणि मोबाइल हीच मुलांची शाळा झाली. पुढे शाळा उघडल्या, तरी मोबाइल हातातून सुटेना. २०२२ मध्ये गावाने ठरविले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहावेत. प्रथम पुरुषांपुढे हा विचार मांडला, तेव्हा त्यांनी तो हसण्यावारी नेला. मग गावातील स्त्रियांना एकत्र बोलाविले. आपणही मालिका पाहण्यात वेळ घालवितो, हे त्यांनी मोकळेपणे मान्य केले आणि निर्णय झाला. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक दारोदार जाऊन समजावू लागले. त्या दीड तासात मुले अभ्यासास बसत आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलत. हा नियम केवळ मुलांवर लादला असता, तर आठ दिवसांतच मोडला असता.

आता उरला तो सर्वांत महत्त्वाचा नियम. आलेला निरोप खरा आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो पुढे पाठवू नये. या एका नियमाच्या अभावी महाराष्ट्रात माणसांचे प्राण गेले आहेत.

२०१८ साली ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ अशी अफवा मोबाइलवरून देशभर पसरली. तिच्यासोबत एक चित्रफीतही फिरत होती. रस्त्यावर मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलास उचलून पसार होतात. पाहणाऱ्याचा थरकाप व्हावा असेच ते दृश्य होते. वस्तुतः ती फीत पाकिस्तानातील कराची शहरात, पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे या उद्देशाने मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला खाली उतरवितात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. तो शेवट कोणी तरी कापून टाकला. उरलेला तुकडा जो तो पाहू लागला, घाबरू लागला आणि इतरांच्या मुलांच्या काळजीने पुढे पाठवू लागला.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी तेथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे आली होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजूची. गावोगाव हिंडून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना लोकांना दिसला. एवढ्यावरून ‘हीच ती टोळी’ अशी आवई उठली. जमाव जमला. कोणी चौकशी केली नाही, कोणी थांबले नाही. त्या पाचही निरपराध माणसांना जमावाने मारहाण करून ठार केले.

मारणाऱ्यांवर खटले झाले. परंतु ज्या असंख्य लोकांनी आपापल्या घरी बसून तो निरोप पुढे ढकलला होता, त्यांतील कोणीही राईनपाड्यास गेले नव्हते. आपल्या बोटाने काय घडविले, हे त्यांना कधी कळलेही नसेल.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, अशी व्यवस्था जाहीर केली. पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूणही दिसू लागली. पाचच का, हे आकडेमोडीने समजते. एकाने वीस जणांना पाठविले आणि त्या प्रत्येकाने पुन्हा वीस जणांना, तर चौथ्या टप्प्यात १,६०,००० जणांपर्यंत निरोप पोहोचतो. पाचांची मर्यादा असेल, तर चौथ्या टप्प्यात तो ६२५ जणांपर्यंतच जातो. तथापि आठव्या टप्प्यात हे पाचही ३,९०,६२५ होतात. म्हणजे यंत्रातील मर्यादेने अफवेचा वेग मंदावतो, ती थांबत नाही. साखळीतील एखाद्याने निरोप आपल्यापाशीच ठेवला, तर त्याच्यापुढची सारी शाखा खुंटते. शंका आलीच, तर निरोप कोणी, कोठून, केव्हा पाठविला हे विचारावे, शिक्षकांना दाखवावा, गरज वाटल्यास मोठ्या माणसांकरवी पोलीस ठाण्यात विचारणा करावी. पाठविणाऱ्यास माहीत नसेल, तर तो निरोप तेथेच ठेवावा.

राईनपाड्याची घटना घडली, त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव शहरातही असाच जमाव जमला होता. त्याने मुले पळविणारे समजून पाच जणांना घेरले. त्यांत एक लहान मूलही होते. मालेगावात मात्र तेथल्याच एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि जमाव दाराशी असताना पोलीस येईपर्यंत बाहेर जाऊ दिले नाही. पोलीस आले, आणि ती पाचही माणसे सुखरूप बाहेर पडली.